बेचाळीस झाडांचे बिल्ले

१

बुधवारी सकाळी धावडखेडच्या डोंगरावर बेचाळीस झाडं जागच्या जागी उभी होती. एकही तुटलं नव्हतं, एकाचंही साल सोललं नव्हतं. गेले होते ते फक्त बिल्ले. प्रत्येक झाडाच्या अंगावर खिळ्यानं ठोकलेला, दोन बोटं रुंदीचा, आकडा उमटवलेला पत्र्याचा बिल्ला. एक ते बेचाळीस, सगळेच्या सगळे साफ!

आता कुणी म्हणेल, पत्र्याच्या तुकड्यांसाठी एवढा बोभाटा कशाला? अहो, त्या तुकड्यांवर गावाची तीन वर्षं टांगलेली होती. परदेशातल्या कुठल्याशा कंपनीला आपल्या धुराचं पाप उतरवायचं होतं. त्यासाठी गावाला पैसे द्यायची योजना होती, आणि धावडखेडचं जंगल किती वाढतं, किती कार्बन पोटात घेतं, याची मोजदाद चालली होती. नमुन्याला ही बेचाळीस झाडं. दरवर्षी त्यांचा घेर मोजायचा, वहीत लिहायचा. शुक्रवारी पडताळणीवाले येऊन आकडा बघून झाड मोजणार होते. आकडेच नाहीत म्हटल्यावर बसा बोंबलत.

म्हणून तर गुरुवारी सकाळी मंगरूळपीरच्या बसमधून जैतुनबी उतरली. दर्ग्याच्या रस्त्यावर तिचं पत्रेकामाचं दुकान. चाळण्या, नरसाळी, धान्याच्या कोठ्या. नवरा गेला त्याला बारा वर्षं झाली, तेव्हापासून हातोडा तिच्याच हातात. हे बिल्लेही तीन वर्षांपूर्वी तिनंच कापले होते, एकेक आकडा ठोकून उमटवला होता. खांद्याला हत्यारांची पिशवी, डोक्यावर ओढणी, आणि जीभ अशी की वजनात गफलत करणारा भंगारवाला दुकानावरून जाताना रस्ता बदलायचा.

"जैतुनचाची, आजच्या आज बेचाळीस नवे लागतील," फाट्यावर घ्यायला आलेला नरेंद्र म्हणाला. हा योजनेचा गावातला माणूस, मूळचा कारंज्याचा, कामावर येऊन सहाच महिने झालेले. रात्रभर झोपला नसावा.

"बनवतो ना. पन चोरले कोनं?"

"सेवालालनं. तांड्यावरचा बकऱ्यावाला. पहिल्यापासून योजनेच्या विरोधात आहे. मंगळवारी जंगलावर पहारा त्याचाच होता, अन बुधवारी त्याच्या बकऱ्यांच्या वाड्यात तीन बिल्ले सापडले. आज चार वाजता ग्रामसभा आहे. त्याची चराई कायमची बंद करणार."

"कायमची? अन बकऱ्या काय रेडिओ ऐकून पोट भरतीन?"

नरेंद्रनं खिशातून रुमाल काढला आणि सापडलेले तीन बिल्ले तिच्या हातावर ठेवले. नऊ, सतरा, एकतीस.

जैतुनबीनं ते उन्हात धरले. उलटे केले. भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोट झटकन मागे घेतलं. कड टोचली होती.

"माह्याच हातचे हायेत," ती म्हणाली. "पन बेटा, हे बिल्ले कोन्याच झाडावर कवा लागले नाईत."

२

नरेंद्रला काही कळेना. जैतुनबीनं समजावलं. बिल्ला खिळ्यावर सैल टांगतात, नाहीतर वाढतं झाड त्याला गिळून टाकतं. सैल असला की वाऱ्यानं हलतो. तीन वर्षं हलला की भोक झिजून लांबट होतं. वर तीन पावसाळ्यांची धूळ, डिंक, डाग. आणि या तिघांची भोकं अजून गोल होती, कडेची धार तशीच्या तशी.

मनात तिला आणखी एक गोष्ट आठवत होती. तिनं तेव्हा दोन संच केले होते. एक ठोकायला, एक हरवला-बिरवला तर राखीव. राखीव संच डब्यात घालून वन समितीच्या अध्यक्षांच्या हातात दिला होता. समितीची लोखंडी पेटी तिच्यासमोर उघडली होती, डबा आत गेला होता. म्हणजे हे तीन त्या डब्यातले. पण एवढ्यावरून बोट दाखवणारी ती नव्हे. पेटी काय, तीन वर्षांत कुणीही उघडली असेल.

"समितीच्या पेटीत काय-काय असते रे?" तिनं नरेंद्रला सहज विचारलं.

"वह्या, टेप, शिक्का. का हो?"

"अन बिल्ले?"

"बिल्ले असते तर तुम्हाला कशाला त्रास दिला असता?"

हेही खरंच. या पोराला राखीव संचाचा पत्ताच नव्हता. ती एवढंच म्हणाली, "चाल, पहिले अध्यक्षायले सलाम करून येऊ."

अध्यक्ष म्हणजे रामराव. धावडखेडची कुऱ्हाडबंदी त्यांनी वीस वर्षं पाळायला लावली, तेव्हा कुठे हा डोंगर हिरवा झाला. हे श्रेय त्यांचंच, कुणी हिरावून घेऊ नये. ओट्यावर बसले होते. दाढी गुळगुळीत, कपाळावर ताजं ओलं गंध, आतल्या देवघरात निरांजन तेवत होतं. दुखरा गुडघा लांब करून त्यांनी जैतुनबीला बसायला सांगितलं, चहा मागवला.

"तुमाले उगाच हेलपाटा, जैतुनबी," ते म्हणाले. "मी तर नरेंद्रले म्हटलं, नव्या बिल्ल्याची काई गरज नाई. पडताळणी महिनाभर पुढं ढकलू. चोर सापडलाच हाय."

"चोर सापडला, पन माल तीनच सापडला, भौ. बाकीचे एकोनचाळीस कुठं हायेत?"

"नाल्यात फेकले असतीन. त्याच्या डोक्याचं काय सांगता? हवामान बदलून राह्यलं, जग तापून राह्यलं, अन याले आपल्या बकऱ्याईची पडली. गावाचं नाव जगात जाऊन राह्यलं होतं, बाई! कालच्या पोट्ट्याईले समजते, त्याले समजत नाई."

रामरावांचा आवाज खरोखर भरून आला होता. जैतुनबीला त्यात खोट दिसली नाही. चहा पिऊन ती उठली.

३

तांड्याच्या पहिल्याच घरात सेवालाल दारात बसला होता. उंच, वाळका, पन्नाशीचा माणूस. वाड्यात साठेक बकऱ्या कोंडलेल्या, भुकेनं ओरडत होत्या. पलीकडच्या एका घराच्या भिंतीला पहाऱ्याची काठी टेकलेली. धावडखेडात जंगल राखायची पाळी असते ती अशी: ज्याचा पहारा संपला त्यानं संध्याकाळी काठी पुढच्या घराच्या दाराशी ठेवायची. दारात काठी, तर उद्या जंगलात तुम्ही. आजवर कुणी चुकवली नाही.

"तुमीबी झडती घ्यायले आल्या का?" सेवालाल म्हणाला.

"मी पत्रेवाली हाय, पोलीस नाई. तुह्या बकऱ्या काहून कोंडल्या?"

"सभेचा निकाल लागेपर्यंत सोडायच्या नाईत म्हनते. कालपासून पाला तोडून आनून राह्यलो. किती दिवस आनीन? चराई गेली का इकाव्या लागतीन. मंग मी कोन? बिनबकऱ्याचा सेवालाल कोनी पाह्यला हाय का?"

"तू योजनेले विरोध केला, हे खरं?"

"केला! चार लोकाईत केला, लपून नाई केला." तो उठून उभा राहिला. "तिकडचे मानसं इमानात बसून धूर सोडून राह्यले. त्याची भरपाई माह्या बकऱ्याईनं उपाशी राहून कायले करायची? मी कोनता कारखाना टाकला? पावसाचं टायमिंग गेलं, ऊन वाढलं, हे मले शिकवायची गरज नाई. मी बाहीरच असतो दिवसभर. पन माहं म्हननं एवढंच होतं, का कागदावर सही करायच्या आंधी जंगलात चरनाऱ्यालेबी इचारा."

"अन मंगळवारी?"

"सकाळी फिरलो. दुपारी बकऱ्या पान्यावर नेल्या, पल्याडच्या नाल्यावर. रोजचंच हाय, सबन गावाले मालूम हाय. वरच्या उतारावर पुन्हा गेलो नाई. ही माही चूक, मानतो." मग म्हणाला, "तसा पहारा माहा नव्हताच त्या दिवशी."

"म्हंजे?"

"पाळीत मनकर्णाबाईच्या नंतर रामरावचं घर येते, मंग माहं. रामरावचा दिवस मंगळवार, माहा बुधवार. काठी एक दिवस आंधीच आली. मनकर्णाबाई म्हनल्या, रामरावच्या घरी अडचन हाय. मी काई इचारलं नाई. आली काठी, गेलो."

जैतुनबीनं नरेंद्रकडे पाहिलं. तो घड्याळाकडे पाहत होता. अकरा वाजून गेले होते.

"बिल्ले मंग बनवतो," ती म्हणाली. "पहिले मले झाडं दाखव."

४

चैत्राचं ऊन. सागाची पानं गळून पायाखाली चुरचुरत होती, पळस उतरणीला लागलेला आणि मोहाच्या फुलांचा तो गोड, जड वास सगळ्या उतारावर भरलेला. जैतुनबीला चढ सोसवेना, पण कबूल करेल तर ती जैतुनबी कसली.

झाडागणिक ती थांबली. खिळे पकडीनं सरळ उपटले होते, साल कुठे फाटली नव्हती. रागानं काम करणारा असं करत नाही. सगळी भोकं एकाच उंचीवर. "घेर ठराविक उंचीवर मोजतात, त्यासाठी खुणेची काठी लावूनच ठोकले होते," नरेंद्र म्हणाला. भोकाखाली सालीवर बिल्ल्याएवढा फिकट चौकोन.

पण काही झाडांवर घोटाळा होता. भोक वीतभर खाली, आणि चौकोन अगदी पुसट. अशी तिनं अकरा मोजली. बारीक साग, एखादा धावडा. आणि गंमत अशी, की त्या प्रत्येकाच्या शेजारी एक थोरला मोह उभा होता.

ती मोहाजवळ गेली. खुणेच्या उंचीवर एक बुजवलेलं भोक. माती लिंपलेली, आणि मातीवर वाळलेली हळद.

"नरेंद्र, वहीत सतरा नंबरचं झाड कोनतं?"

त्यानं मोबाइलमध्ये पाहिलं. "मोह. घेर एकशे ऐंशी सेंटीमीटर."

"अन बिल्ला मात्र त्या सागाच्या पोरावर होता. त्याचा घेर तर माह्या कोठीएवढाबी नाई." ती दगडावर बसली, पाण्याची बाटली तोंडाला लावली. "दरसाल मोजते कोन?"

"पहिल्या वर्षी आमच्या आधीच्या माणसानं मोजलं. पुढची दोन वर्षं समितीनं. अध्यक्षांची सही आहे प्रत्येक पानावर, 'स्वतः पाहिले' म्हणून."

नरेंद्रनं मोबाइलमधलं पान पुन्हा वर-खाली केलं. त्याच्या डोक्यात हिशेब बसत चालला होता. सागाच्या पोरावर बिल्ला असताना वहीत मोहाचा घेर दरवर्षी वाढत गेला, तर मोजायला डोंगरावर कुणी आलंच नव्हतं.

खाली, एका मोहाच्या बुडाशी मनकर्णाबाई टोपलीत फुलं वेचत होती. साठीची, ठेंगणी, बायकांच्या गटाची पुढारी. जैतुनबी सरळ तिच्यासमोर जाऊन बसली.

"मनकर्णाबाई, मोहाले हळद कोनं लावली?"

"आमी!" म्हातारी मागंपुढं न पाहता म्हणाली. "दोन वर्सं झाले. मोहाच्या अंगात खिळे? आमच्यात लग्नाच्या मांडवात त्याची फांदी लागते, बाई. तिच्याशिवाय लगन होत नाई. तिले खिळा ठोकाव का? आमी बायाईनं मिळून अकरा खिळे काहाडले, मोहाची माफी मांगतली, अन बिल्ले शेजारच्या झाडाले लावले."

"कोनाले सांगतलं नाई?"

"कायले सांगावं? बेचाळीस होते, बेचाळीसच ठेवले. एकबी कमी केला नाई. झाडं मोजायचे हायेत ना? मंग मोजा ना बाप्पा, हे काय अन ते काय!"

नरेंद्रनं कपाळाला हात लावला. जैतुनबीला मात्र हसू आवरेना.

"आता एक सांगा. सोमवारी सांजच्याले काठी रामरावच्या दारात ठेवली नाई, कायले?"

"नेली होती ना. ते ओट्यावरच होते. म्हनले, कारंज्याचा चुलतभाऊ गेला, सुतक पडलं हाय, काठी पुढं ने. सुतकात काठीले हात लावत नाई आमच्यात. मी नेली सेवालालकडं."

जैतुनबीचं हसू थांबलं. ती उठली, कपडे झटकले आणि म्हणाली, "नरेंद्र, नवे बिल्ले बनवायची गरज नाई. जुने गावातच हायेत."

५

चार वाजता शाळेच्या मैदानात लिंबाखाली सभा भरली. एका बाजूला सेवालाल एकटाच बसला होता. टेबलामागे रामराव, पुढ्यात ठरावाचं रजिस्टर. त्यांनी उभं राहून ठराव वाचायला घेतला, एवढ्यात जैतुनबी पुढे आली.

"थांबा जराक. मी परगावची, पन बिल्ले माह्या हातचे. मले बोलू द्या."

गावानं बोलू दिलं. तिनं तीन बिल्ले फिरवायला दिले, भोकं चाचपायला लावली. हे तिघं झाडावर कधी लागलेच नाहीत, हे पोरासोरांनाही पटलं. "असे कोरे बिल्ले फक्त समितीच्या पेटीत होते. सेवालालजवळ त्या पेटीची चाबी हाय का?"

कुणीतरी "नाई" म्हणालं.

"चोरानं खरे बिल्ले वाड्यात टाकले नाईत, काहून? कारन त्याले ते पुन्हा ठोकायचे होते. पडताळणी पुढं ढकलायची, मंग हळूच वहीत लिवल्याप्रमानं ज्याच्या त्याच्या झाडाले लावायचे. नवे लावले तर चमकतीन, जुने जुनेच दिसतीन. म्हनून त्यानं जुने जपून ठेवले, अन फेकायले कोरे वापरले. अन म्हनूनच त्याले नवे बिल्ले नको होते, तारीख पाह्यजे होती."

नरेंद्र हळूच रामरावांकडे वळला. रामराव ताठ उभे होते.

"तुमी म्हनता काय, बाई?"

"मी म्हनत नाई, भौ, इचारतो. सोमवारी तुमच्या घरी सुतक होतं?"

मनकर्णाबाई उठून म्हणाली, "होतं ना! कारंज्याचा भाऊ गेला."

मैदानात कुजबुज झाली. कुणाच्याच कानावर नव्हतं. "मंग आज कपाळावर गंध कसं? दाढी कशी? देवघरात निरांजन कसं?" जैतुनबी म्हणाली. "मी मुसलमान बाई, पन पन्नास वर्सं तुमच्याच शेजारात काहाडले. सुतकात दहा दिवस काय करत नाई, ते मलेबी मालूम हाय. त्या भावाचा नंबर हाय का कोनाजवळ?"

तो भाऊ कापसाचा अडत्या, अर्ध्या गावाकडे त्याचा नंबर. एकानं लावला, आवाज मोठा केला. दोन रिंग झाल्या.

"हां, बोला! कोन बोलून राह्यलं? कापूस आनला का?"

मेलेला माणूस असा खणखणीत बोलल्यावर कुणाला हसू, कुणाला भीती. जित्या भावाचं सुतक सांगितलं! म्हाताऱ्या बायका कानांवर हात ठेवू लागल्या. रामराव हळूहळू खाली बसले. त्यांची मान छातीला टेकली.

"गुडघ्यानं मी दोन वर्सं वर गेलो नाई," ते म्हणाले. "घरी बसून दरसाल बोटभर वाढवून लिवलं. जंगल वाढूनच राह्यलं होतं, खोटं काय लिवलं, असं वाटलं. सोमवारी नरेंद्र म्हनला, ते लोक एकएक झाड तपासतीन. कसाबसा चढलो. पाह्यतो तं मोहाचे नंबर सागाले! माही सही हाय हर पानावर. वीस वर्सं ज्या तोंडानं तुमाले सांगतलं, त्या तोंडानं काय सांगू? घाबरलो. मंगळवारी दुपारी काहाडले. अन नाव याच्यावर टाकलं. लोक मानतीन, हे मले मालूम होतं."

ते उठले, लंगडत घरी गेले आणि डबा घेऊन आले. बेचाळीस बिल्ले, मळके, लांबट भोकांचे. ते त्यांनी टेबलावर ओतले.

"आता उद्या काय?" नरेंद्रच म्हणाला. "मी खरं सांगेन त्यांना. दोन वर्षांची मापं खोटी, पहिलं वर्ष खरं. ते कदाचित पुन्हा सुरुवातीपासून मोजा म्हणतील. पण कुठला नंबर कुठल्या मोहाचा होता, हे कुणाला माहीत आहे? अकरा मोह, आणि तिथं मोह आहेत पन्नास."

"हळद पाहा, झाडं सापडतीन," मनकर्णाबाई म्हणाली. "पन नंबर आमालेबी ठाऊक नाई. अन एक आताच सांगतो, खिळा पुन्हा ठोकू देनार नाई. दोरीनं बांधा."

"मले ठाऊक हाय," सेवालाल म्हणाला.

सगळे वळले. तो अजून त्याच जागी बसला होता.

"सतरा म्हंजे वाकडा मोह, पान्याच्या वाटेवरचा. नऊच्या खाली माही बकरी व्याली होती. एकतीसले वीज पडली होती, अर्धा वाळला. साऱ्याच्या सारे सांगतो. रोज त्याईच्याच खाली बसतो मी. पन फुकट नाई सांगनार."

"काय पाह्यजे तुले?" कुणीतरी विचारलं.

"चराई. मेहेरबानी म्हनून नाई, कागदात. डोंगराचे तीन भाग करा. एक भाग साल-दीड साल बंद, दोन मोकळे, मंग बदली. रोपटे वाचतीन, बकऱ्याबी जगतीन. ही अट त्या परदेशवाल्याईच्या करारात गेली पाह्यजे. त्याईले झाडं पाह्यजेत ना? मंग झाडाखालचा मानूसबी घ्यावा लागन. नाई म्हनले, तं त्याईनं आपला धूर आपल्या घरी ठेवावा."

हात वर करायला सांगावं लागलं नाही. मनकर्णाबाईचा पहिला, मग बायकांचे सगळे, मग पुरुषांचे. कुणीतरी म्हणालं, लिहून घ्या. रजिस्टर रामरावांच्या पुढ्यात होतं, अध्यक्ष अजून तेच होते. त्यांनी चोरीचा ठराव असलेलं पान फाडलं नाही, त्यावर आडवी रेघ मारली, खाली सही केली आणि नवं पान काढलं. 

"तांड्यावरच्या बकऱ्यावाल्यास..." ते पुटपुटत लिहू लागले.

सेवालाल टेबलापाशी आला आणि त्यानं पानावर बोट ठेवलं.

"तसं नाई, रामरावभौ. नाव लिवा. माहं, माह्या बापाचं, तांड्याचं. पूरं."

रामरावांनी लिहिलेलं खोडलं. त्याच्याकडे न पाहता, मोठ्यानं एकेक अक्षर उच्चारत त्यांनी लिहिलं, "सेवालाल सोमला राठोड, राहणार धावडखेड तांडा." मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "बरोबर हाय?" सेवालालनं वाकून नीट वाचलं, हो म्हणाला, आणि उपाशी बकऱ्या सोडायला घराकडे निघाला.